समाजकार्याची पदवी उरलेल्यांसाठी नाही : सातारा जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयांना खुलं पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य, वर्गशिक्षक आणि करिअर मार्गदर्शनाचं काम पाहणारे सर्व शिक्षक

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की तुमच्या कार्यालयाबाहेर पालकांची रीघ लागते. नीटचे गुण, सीईटीचे पर्सेंटाइल, कॅप राऊंड, दाखले, नॉन-क्रिमीलेअर. या धांदलीत प्रत्येक मुलाशी निवांत बोलणं तुम्हाला शक्य होत नाही, हे मी जाणते. पण त्याच दिवसांत, सगळ्या याद्या लागून गेल्यावर, कुणीतरी एखाद्या मुलाला सांगतं, "काहीच नाही मिळालं तर बीएसडब्ल्यूला टाक नाव. तिथं मिळेल." बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी.

मी साताऱ्यात एका सामाजिक संस्थेत काम करते. समाजकार्य शिकणारी मुलंमुली क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकण्यासाठी, आमच्याकडे येतात आणि त्यांचं तिथलं मार्गदर्शन माझ्याकडे असतं. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारते, या शिक्षणाकडे कसा आलास, कशी आलीस? "दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते येण्याआधीच चेहऱ्यावर ओळखू येतं. यातली काही मुलं पुढं फार उत्तम काम करतात. काही वर्षभरात गळतात. आणि ज्यांनी खरंच इथं यायला हवं होतं, अशी कितीतरी मुलं तुमच्या वर्गांत बसून दुसरीकडेच निघून जातात, कारण असं काही शिकता येतं हे त्यांना कुणी वेळेवर सांगितलेलंच नसतं.

म्हणून हे पत्र. माझी मागणी एकच आहे. समाजकार्य आणि त्याला लागून असलेले अभ्यासक्रम मुलांना अकरावीत, फार तर बारावीच्या दिवाळीपर्यंत सांगा, आणि निवडण्याजोगा अभ्यास म्हणून सांगा.

आपल्या जिल्ह्याला या कामाचा वारसा आहे, हे व्यासपीठावरून आपण सगळेच सांगतो. खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाईंचं जन्मगाव. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं आणि एका पंगतीला जेवणं ही तिथली रोजची रीत केली. त्या काळी हे सगळं कसं करायचं ते शिकवणारी शाळा देशात कुठंच नव्हती. मुंबईत टाटांच्या ट्रस्टनं समाजकार्याचं पहिलं शिक्षण सुरू केलं ते १९३६ साली. आज आपलीच मुलं एसटीनं रोज ये-जा करून हे शिक्षण घेऊ शकतात. साताऱ्याला लागून जकातवाडीत यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क आहे. तरीही शहरातल्या कितीतरी बारावीच्या मुलांना तिथं नेमकं काय शिकवतात हे माहीत नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

तर काय शिकवतात?

व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन आणि सामाजिक कृती या समाजकार्याच्या पद्धती. जोडीला समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे, शासकीय योजना. हे वर्गात होतं. पण या शिक्षणाचा कणा क्षेत्रकार्य आहे. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी वर्गात नसतो. तो एखाद्या रुग्णालयात, बालगृहात, व्यसनमुक्ती केंद्रात, वस्तीत किंवा ग्रामपंचायतीत असतो. केलेल्या कामाचा अहवाल लिहितो, आणि तो अहवाल समोर ठेवून संस्थेतला मार्गदर्शक व महाविद्यालयातले शिक्षक त्याच्याशी बोलतात. शिवाय ग्रामीण शिबिर असतं, अभ्यासदौरा असतो.

हे वाचून चित्र डोळ्यांसमोर उभं राहणार नाही, म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगते.

पाटण तालुक्यातली एक मुलगी दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे होती. गळीत हंगाम चालू होता. एका साखर कारखान्याजवळ ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिल्या होत्या, तिथं तिला पाठवलं. पहिल्याच आठवड्यात ती परत आली ती डोळ्यांत पाणी घेऊन. बीड जिल्ह्यातून आलेली एक बाई, सातवा महिना लागलेला, आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती. आमच्या मुलीनं तिला सांगितलं, "ताई, तुम्ही आता काम बंद करा." बाई हसली आणि पुढची मोळी उचलायला गेली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी बसलो. बाई का हसली, हे तिनं शोधून काढायचं ठरलं. पुढच्या भेटींत एकेक गोष्ट कळत गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली. बाई घरी बसली की खाडा पडतो आणि तो उचलीत जमा होतो. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड गावीच राहिलं होतं. उपकेंद्रात तपासणी दिवसा होते आणि दिवसा ती फडात असते. आशाताईंच्या यादीत तिचं नाव नाही, कारण ती या गावची नाही. तिनं काही विचारलं नाही, आणि तिलाही कुणी विचारलं नाही.

मग कामाला सुरुवात झाली. अंगणवाडी सेविकेशी बोलणं, आरोग्यसेविकेची वेळ घेणं, मुकादमाला न दुखवता विश्वासात घेणं. आरोग्यसेविका एका संध्याकाळी कोपीवर आल्या. नवं कार्ड झालं, वजन झालं, रक्तदाब पाहिला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तर १०२ किंवा १०८ ला फोन कसा करायचा, ठिकाण कसं सांगायचं, हे नवऱ्यालाही दाखवून ठेवलं. त्याच फेरीत शेजारच्या कोप्यांतली लसीकरण राहिलेली लहान मुलंही सापडली. बाईचं मोळी वाहणं थांबलं नाही. ते थांबवणं एका विद्यार्थिनीच्या हातात नव्हतं, आणि तसं खोटं आश्वासन तिनं दिलं नाही.

तिचा पहिला अहवाल माझ्याकडे आला, त्यात वाक्य होतं : "सदर महिला अडाणी असून आरोग्याबाबत उदासीन आहे." मी त्याखाली रेघ ओढून एवढंच विचारलं, "कशावरून?" दुसऱ्या अहवालात वाक्य असं आलं : "तपासणीच्या वेळेत महिला फडात असते. गैरहजर राहिल्यास खाडा पडतो." पहिलं वाक्य तिथं न जाताही कुणीही लिहिलं असतं. दुसरं लिहायला चार फेऱ्या, एक मुकादम आणि बरंच ऐकून घेणं लागलं.

सरांनो, बाईंनो, हे शिकवावं लागतं. आपोआप येत नाही. "मुलगी फार मायाळू आहे, समाजकार्यात चांगली रमेल," असं तुम्ही म्हणता तेव्हा मला आनंद होतो. पण माया ही सुरुवात आहे. दारूड्या नवऱ्याच्या मारानं सुजलेली बाई समोर बसते तेव्हा मायाळू माणूस चटकन म्हणतो, "मी बघते, मी समजावते त्यांना." शिकलेली कार्यकर्ती आधी विचारते की आज रात्री तुम्ही सुरक्षित आहात का. ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातले तिचे हक्क सांगते. संरक्षण अधिकारी कोण, हिंसा सोसणाऱ्या बाईला एकाच जागी मदत देणारं वन स्टॉप सेंटर कुठं, १८१ या महिला हेल्पलाइनवर काय होतं, हे सांगते. घरी परत जायचं की नाही हा निर्णय त्या बाईवर सोडते. आणि बाहेर आल्यावर कुणाच्या कानावर एक शब्द घालत नाही. आपल्या गावांत चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत सगळं पसरतं. तिथं गोपनीयता पाळणं किती अवघड असतं, ते आमची मुलं पहिल्या वर्षातच अनुभवतात.

तुमच्या वर्गांत अशी मुलं आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सगळे खेळायला गेल्यावर म्हातारीशी बोलत बसणारी. वर्गात भांडण झालं की दोन्ही बाजू ऐकणारी. घरी आजारी माणसाचं सगळं करून तुमच्या तासाला वेळेवर हजर होणारी. गुणपत्रिकेत हे दिसत नाही, पण तुम्हाला दिसतं. त्या मुलांना बाजूला बोलावून सांगा.

काय सांगायचं, तेही लिहिते.

बीएसडब्ल्यूला बारावीची कोणतीही शाखा चालते, विज्ञानसुद्धा. पदवी तीन वर्षांची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथं वर्ष करून ऑनर्सची पदवी घेण्याचा मार्ग आहे, आणि चार वर्षांची पदवी असेल तर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात करण्याची तरतूदही नव्या चौकटीत आहे. मात्र हे प्रत्येक महाविद्यालयात सुरू झालं आहे असं गृहीत धरू नका. प्रवेशाआधी त्या त्या ठिकाणी विचारून घ्यायला सांगा.

बीएसडब्ल्यू केल्याशिवाय एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करता येत नाही, हा समज पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एमएसडब्ल्यूला जाता येतं. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन बीए केलेली, अगदी बीकॉम, बीएस्सी झालेली मुलं येतात. ज्या मुलाची अजून पक्की खात्री नाही, त्याला हा रस्ता दाखवा. ज्याची खात्री आहे, त्याला थेट बीएसडब्ल्यूच सांगा. अठराव्या वर्षी वस्तीत जायला लागलेलं मूल आणि एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा गेलेलं मूल यांत मला फरक जाणवतो. लवकर गेलेल्या मुलांना लोकांच्या घरात बसायला अवघडल्यासारखं होत नाही.

नोकरी करत शिकावं लागणाऱ्या मुलांसाठी इग्नूची बीएसडब्ल्यू आहे. तीही बारावीनंतर करता येते आणि तिच्यात क्षेत्रकार्य आहेच. पाठ्यसाहित्य मराठीत नाही, इंग्रजी-हिंदीत आहे, हे आधीच सांगून ठेवा. घरापासून लांब जायची तयारी असेल तर मुंबईत १९५५ पासून चाललेलं निर्मला निकेतनचं समाजकार्य महाविद्यालय आहे, तिथं पदवीपासून शिकता येतं. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं ग्रामीण आवार १९८६ पासून आहे आणि तिथंही पदवी स्तरावर शिक्षण सुरू झालं. टाटा संस्थेचे पदवीचे प्रवेश अलीकडे सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. त्या परीक्षेचे अर्ज बारावीचा निकाल लागायच्या कितीतरी आधी भरून घेतात. मे महिन्यात तुळजापूरचं नाव ऐकलेल्या मुलाचं ते वर्ष हातातून गेलेलं असतं. दिवाळीपर्यंत सांगा, हा माझा आग्रह याचसाठी आहे.

शेजारच्या वाटाही आहेत. दिव्यांग मुलांबरोबर काम करायचं असेल तर विशेष शिक्षणाची पदविका बारावीनंतर करता येते. तिला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते, आणि मान्यता नसलेल्या ठिकाणी पैसे भरले तर परिषदेकडे नोंदणी होत नाही. कायद्याची ओढ असेल तर बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम आहे. वकिली करत लोकांच्या हक्कांसाठी उभी राहणारी माणसं आम्हाला रोज लागतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाचं महाविद्यालय आहे, त्यात मानव विकास, पोषण, विस्तार शिक्षण हे विषय येतात.

आता नोकरीबद्दल. इथं मुलांना गोड बोलून चालणार नाही.

कामं आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ता या पदासाठी पदवी पुरते, आणि समाजकार्य किंवा समाजशास्त्र असेल तर प्राधान्य मिळतं. उमेद या ग्रामीण उपजीविका अभियानात तालुक्याच्या आणि प्रभागाच्या पातळीवर बचत गटांबरोबर काम करणारी पदं असतात. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) असतात. रुग्णाचे कागद, योजना, बेवारस रुग्णाचं पुनर्वसन, नातेवाइकांचं समुपदेशन हे सगळं ते बघतात. त्यासाठी एमएसडब्ल्यू लागतं. मनोसामाजिक कार्यात, म्हणजे मानसिक रुग्णांबरोबरच्या समाजकार्यात, जायचं तर वाट अजून लांब आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्या समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचं एमफिल मागते. कारखान्यांतही जागा आहेत. मोठ्या कारखान्यांना कायद्यानं कल्याण अधिकारी नेमावाच लागतो. सातारा आणि शेजारची सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत किती साखर कारखाने आहेत ते तुम्हाला सांगायला नको. स्पर्धा परीक्षा देऊन बालविकास प्रकल्प अधिकारी, समाजकल्याण खात्यातला अधिकारी होता येतं, आणि क्षेत्रकार्य केलेल्या उमेदवाराला मुलाखतीत पाठांतर करावं लागत नाही.

पण यातली बरीच पदं कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांचा करार, पुन्हा नूतनीकरण, निधी आला नाही तर मानधन रखडतं. संस्थांमध्ये सुरुवातीचा पगार कमी असतो. वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना परिषद आहे, तशी समाजकार्याची स्वतंत्र वैधानिक परिषद देशात अजून नाही. त्यामुळे न शिकलेला माणूसही फ्लेक्सवर समाजसेवक म्हणून नाव लावतो आणि शिकलेल्याला वेगळी ओळख मिळत नाही. २०२१ च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यानं वैद्यकीय आणि मनोसामाजिक कार्यकर्त्यांना आपल्या यादीत घेतलं आहे. आरोग्याच्या बाजूनं तरी एक दार उघडलं आहे, असं मी मानते. ही परिस्थिती मुलांपासून लपवू नका. माहीत असून आलेलं मूल टिकतं. "लगेच सरकारी नोकरी" ऐकून आलेलं मूल तिसऱ्या वर्षी आमच्यावर चिडतं, आणि त्याचं चिडणं रास्त असतं.

मग एवढं सगळं असताना मुलांना इकडे पाठवाच असं मी का म्हणते? कारण या दोन जिल्ह्यांत शिकलेल्या माणसांची निकड मी रोज बघते.

पाटण-जावळीच्या डोंगरी गावांत जा. घरातले कर्ते मुंबई-नवी मुंबईत, कितीतरी जण माथाडी. गावात उरलेत म्हातारा-म्हातारी. कुणाला डोळ्यांनी दिसत नाही, कुणाच्या बँकेच्या पासबुकाला आधार जोडलेलं नाही म्हणून निराधार योजनेचे पैसे अडकलेत. २००७ च्या कायद्यानं आईवडिलांना निर्वाहभत्ता मागता येतो, अर्ज प्रांतांकडे करायचा असतो. हे एखाद्या आजोबांना समजावून सांगायचं, आणि मुलाबरोबर नातं तुटू न देता त्याच्याशी फोनवर बोलायचं, हे कौशल्याचं काम आहे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगावात दरड कोसळली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरात बोट उलटली. पहिल्या आठवड्यात मदतीचे ट्रक रांगेनं आले, आणि लोकांनी मनापासून दिलं. पण वारस नोंद, पंचनाम्यात राहिलेली नावं, रात्री पाऊस लागला की किंचाळत उठणारं मूल, हे सगळं ट्रक निघून गेल्यावर सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालतं. तिथं प्रशिक्षित माणूस लागतो, आणि तो त्याच भागातला असला तर उत्तम.

माण-खटावला, जतला, आटपाडीला वेगळे प्रश्न. म्हसवडला माणदेशी महिला बँक १९९७ साली उभी राहिली. साताऱ्यात व्यसनमुक्तीचं काम परिवर्तन संस्थेनं चिकाटीनं केलं. सांगलीत संग्राम संस्थेनं नव्वदच्या दशकात एचआयव्हीच्या ऐन भीतीच्या काळात वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम सुरू केलं, आणि १९९६ साली त्या बायकांचीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. कंडोम कसे पोचवायचे, पोलिसांशी कसं बोलायचं, कुणाला दवाखान्यात आधी न्यायचं, हे त्या बायकांनी ठरवलं. समुदाय संघटनाचा तास घेताना मला दुसरीकडे उदाहरण शोधायला जावं लागत नाही. इतकं आसपास असताना आपल्या मुलांनी ते न पाहताच बारावी पार करावी, हे मला पटत नाही.

पालकांबद्दल थोडं. मुलींच्या पालकांना भीती वाटते ती फिरण्याची. वस्तीत जाणं, संध्याकाळी उशीर होणं. ही भीती खोटी नाही. म्हणून चांगली महाविद्यालयं जोडीनं पाठवतात, वेळ बांधून देतात, संस्थेतला मार्गदर्शक जबाबदार असतो. खर्चही असतो. अहिल्याबाई होळकर योजनेत मिळणारा एसटीचा मोफत पास बारावीला संपतो. पुढं महिलांना निम्मं तिकीट आहे, पण क्षेत्रकार्याचं गाव कॉलेजच्या वाटेवर नसेल तर महिन्याचा आकडा वाढतो. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत देणारी स्वाधार योजना आहे. हे सगळं पालकांना तुमच्या तोंडून कळलं तर त्यांचा विश्वास बसतो, आमच्या तोंडून कळलं तर त्यांना ती जाहिरात वाटते. मुलांच्या पालकांची अडचण वेगळी. "समाजकार्य करून पोराला मुलगी कोण देणार?" असं मला एका वडिलांनी तोंडावर विचारलं होतं. त्यांना मी आमच्याकडून शिकून कारखान्यात, रुग्णालयात, उमेदमध्ये लागलेल्या मुलांशी फोनवर जोडून दिलं. माझ्या बोलण्यापेक्षा ते फोन उपयोगी पडले.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण लिहायला हवी. पालावर, वाडीवर, ऊसतोडीत वाढलेली मुलं या शिक्षणात येतात तेव्हा ती आम्हाला फार काही शिकवतात. त्यांना बोली येते, वाटा माहीत असतात, कुणाच्या घरात काय विचारू नये ते कळतं. पण मार्गदर्शन करताना "तू त्या समाजातला आहेस, तुला हेच शोभतं" असं त्यांना सांगू नका. त्या मुलाला अभियंता व्हायचं असेल तर त्याला अभियंताच होऊ द्या. आणि तो आमच्याकडे आला तर स्वतःच्या घरची कहाणी प्रत्येक वर्गात सांगायची सक्ती त्याच्यावर होणार नाही, एवढी काळजी आम्ही घेऊ.

आता तुम्ही करायच्या गोष्टी. करिअर सप्ताहात एक तास काम करणाऱ्या माणसाला द्या. प्रेरणादायी भाषण करणारा वक्ता नको. बालगृहाच्या अधीक्षिका, रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, उमेदच्या प्रभाग समन्वयक, यांच्यापैकी कुणीही, आणि मुलांना त्यांना पगारापासून सगळं विचारू द्या. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांत गाव झाडून काढण्याबरोबर एक दिवस गावातल्या घरांशी बोलण्याला ठेवा : कुणाचं रेशन बंद आहे, कोणतं मूल शाळेत जात नाही, कोण एकटं राहतं. शेवटच्या दिवशी ती माहिती ग्रामसेवकांच्या हातात द्या आणि पुढं काय झालं ते महिन्यानं विचारा. फलकावर अभ्यासक्रमांची यादी लावता तिथं बीएसडब्ल्यू वरच्या ओळींत येऊ द्या, सीयूईटीच्या अर्जाची तारीख तिच्यासमोर लिहा.

आणि मुलाला कुठल्याही समाजकार्य महाविद्यालयात पाठवण्याआधी पालकांना हे विचारायला सांगा. विद्यापीठाची संलग्नता आहे का? आठवड्यातून किती दिवस क्षेत्रकार्य, आणि गेल्या वर्षी मुलं कोणत्या संस्थांत गेली? अहवाल कोण वाचतं, आणि वाचून मुलाशी बसून बोलतं का? ज्या ठिकाणी क्षेत्रकार्य फक्त वहीत होतं, तिथं मूल तीन वर्षं घालवून येतं आणि त्याला काहीच येत नाही. अशा ठिकाणी पाठवू नका, मग ते कितीही जवळ असो.

आमच्या संस्थेचं दार तुमच्या अकरावीच्या मुलांसाठी उघडं आहे. एका वेळी दहा-बारा जण, बरोबर एक शिक्षक. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून नाताळापर्यंतचे शनिवार आम्ही त्यासाठी मोकळे ठेवतो आहोत. मोबाईल कार्यालयात ठेवावे लागतील, फोटो काढता येणार नाहीत, आणि ज्या सेवार्थींनी आधी होकार दिला आहे त्यांनाच मुलं भेटतील. इतर संस्थांतल्या माझ्या सहकाऱ्यांशीही मी बोलले आहे. तेही तयार आहेत. तुमच्याकडून तारीख कळवा.

आपली,
क्षेत्रकार्य मार्गदर्शक म्हणून काम करणारी एक समाजकार्यकर्ती
सातारा